बांधलेला उतारू

मसुऱ्यातून मोटार मुंबईस निघायची असली म्हणजे घरातला वडीलधारा पुरुष अंगणात उभा राहून गाऱ्हाणे घालतो. ग्रामदेवतेला, आंगणेवाडीच्या भराडीदेवीला, वाटेवरच्या राखणदारांना आणि घाटांतल्या ज्ञात-अज्ञात दैवतांना तो एकेक करून विनवतो. गाडीच्या चाकाला, हाकणाऱ्याच्या डोळ्यांना, वळणांना, आडव्या येणाऱ्या गुरांना, सर्वांना सांभाळून घे म्हणतो. आणि बाकीची मंडळी प्रत्येक वाक्यागणिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. नारळ फुटतो, शेरणीचा तुकडा हातावर पडतो आणि मोटार चालू होते. हे गाऱ्हाणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्याची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला त्यात एक गोष्ट खटकते. त्या लांबलचक विनवणीत देवाने काय करावे हे आहे, हाकणाऱ्याने काय करावे हेही आहे. आत बसलेल्या उतारूने काय करावे याचा मात्र अवाक्षराने उल्लेख नाही. तो हात जोडून बसतो, पान जमवतो आणि पनवेलपर्यंत झोपतो. उतारूकडे कर्तव्य असे काही असते ही कल्पनाच आपल्या प्रवासाच्या इतिहासात फार उशिरा आली, आणि आली तीही अर्धीच.

आमच्या गावाचा प्रवास मुळात पाण्यावरचा. भरतगड आणि पलीकडचा भगवंतगड यांच्यामधून जी खाडी समुद्राकडे जाते, तीच पुष्कळ काळ आमची हमरस्ता होती. होडीने, मचव्याने किंवा पायी मालवण गाठायचे आणि तेथून आगबोट धरायची. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी असे थांबे घेत ती मुंबईला पोचे. पावसाळा लागला की आगबोटी बंद. मग ज्याला जाणे अटळ असेल त्याने घाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि तेथून आगगाडी धरायची. आजच्या माणसाला ही गैरसोय वाटेल. परंतु वर्षातले काही महिने अमुक वाटेने जायचेच नाही, हा नियम दर्यावर्दी माणसांनी पुष्कळ जीव गमावून केलेला होता. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडल्याशिवाय गलबत हाकारायचे नाही, यात श्रद्धा होती तशी शिस्तही होती. या शिस्तीला तडा गेला की काय होते हे मुंबईच्या लोकांनी १७ जुलै १९४७ रोजी पाहिले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात, आषाढी अवसेच्या दिवशी, उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रामदास बुडाली ते साल’ ही कालगणना आजही अधूनमधून येते.

समुद्राची आणखी एक शिस्त येथे सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. कोणताही जाणता तांडेल सुटा माल घेऊन गलबत हाकारत नाही. कौले असोत, मिठाची पोती असोत की पाण्याचे पिंप असो, ते दोरांनी आवळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माल भिजेल ही त्याची भीती दुय्यम. खरी भीती ही, की लाट आडवी आली म्हणजे सुटे पिंप गलबताच्या एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर धावत जाते आणि मध्ये जो खलाशी सापडेल त्याला चिरडते. वादळात बाहेरचा समुद्र एक शत्रू आणि आतला सुटा माल दुसरा, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

मोटार आली आणि हे शहाणपण किनाऱ्यावरच राहिले. प्रथम खाजगी सर्व्हिस मोटारी आल्या. माणसे आत, वर, मागे, जेथे जागा मिळेल तेथे. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि काही वर्षांत तिचा विस्तार होत होत ती कोकणात उतरली. आमच्या बोलीत तिची ‘यष्टी’ झाली. यष्टीने उतारूला तिकीट दिले, जागा दिली आणि धरायला समोर एक लोखंडी दांडी दिली. वळण आले की दांडी घट्ट धरायची, एवढीच उतारूची सुरक्षिततेतली कामगिरी. त्या काळी ती पुरलीही, कारण लाल मातीचे, नागमोडी, खड्ड्यांनी भरलेले ते रस्ते कोणालाच वेगाने जाऊ देत नसत. आपल्या दारिद्र्याने आपल्याला जपले, असे म्हणावे लागते. तशात वाटेत तरीवर थांबणे, इंजिनात पाणी घालणे, गुरे हाकलणे चालूच असे.

मोटारीने आणखी एक जुनी चाल नकळत उचलली. मेण्यात, धमणीत, बग्गीत मानाची जागा नेहमी मागची असे. पुढे बसे तो हाकणारा, म्हणजे चाकर. वारा, धूळ आणि ठोकर त्याने खावी आणि धन्याने मागे लोडाला टेकून बसावे. मोटारीत घोडा गेला आणि इंजिन आले, पण बसण्याची ही उतरंड जशीच्या तशी राहिली. आजही आपण आजीला, पाहुण्याला, लेकुरवाळीला मागे बसवतो, ते प्रेमाने आणि मानाने. मागे बसलेल्याला काही होत नाही, ही आपली खोल समजूत आहे आणि तिचे मूळ मला मोटारीत नव्हे, पालखीत दिसते.

ती समजूत किती चुकीची होती हे मोटारीच्या इतिहासाने अगदी पहिल्याच पानावर सांगून ठेवले होते. यंत्राच्या गाडीने घेतलेला, नोंदीत सापडणारा पहिला बळी आयर्लंडमधला आहे. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी पार्सन्सटाउन गावी मेरी वॉर्ड नावाची बाई आपल्या नातेवाइकांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीत बसून चालली होती. सूक्ष्मदर्शकावर ग्रंथ लिहिणारी ही विदुषी. त्या काळच्या स्त्रीला विद्यापीठाचे दार बंद असताना घरी बसून तिने हे ज्ञान मिळवले होते. एका वळणावर गाडीला हिसका बसला, ती बाहेर फेकली गेली आणि चाकाखाली सापडली. म्हणजे पहिला बळी हाकणारा नव्हता, रस्त्यावरून चालणारा नव्हता. तो उतारू होता. गाडीचा वेग किरकोळ होता, गाडी कोठे आदळली नव्हती. उतारू सुटा होता एवढेच. (त्याच तारखेला, १२८ वर्षांनी, पॅरिसच्या एका भुयारी रस्त्यात इंग्लंडची डायना मोटारीच्या मागच्या आसनावर पट्ट्याविना बसलेली असताना प्राणांतिक जखमी झाली. तारखांचे असे जुळणे निरर्थकच असते, पण मन तेथे घुटमळते खरे.)

असे असूनही पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सगळा विचार हाकणाऱ्याभोवती फिरत राहिला. त्याला परवाना असावा, त्याने कर्णा वाजवावा, दारू पिऊ नये. हे सारे योग्यच होते. पण अपघात झालाच तर आतल्या माणसाच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न विचारायला ह्यू डीहेवन नावाचा माणूस यावा लागला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तो कॅनडात विमान चालवण्याचे शिक्षण घेत होता. विमानांची टक्कर झाली आणि तो वाचला. आपण का वाचलो, या प्रश्नाने त्याला जन्मभर झपाटले. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची प्रकरणे त्याने धुंडाळली आणि १९४२ साली त्यांवर निबंध लिहिला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडलेली माणसे होती ती. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा, की पडण्याने माणूस मरत नाही, एकदम थांबण्याने मरतो. थांबायला चार बोटे जरी जास्त मिळाली, धक्का शरीराच्या मजबूत भागांवर वाटला गेला, तर माणूस वाचतो.

हे आमच्या मसुऱ्यात कोणालाही समजावून सांगायला नको. माडावरून पडलेला गडी खालच्या चिखलात पडला तर कधीकधी वाचतो, जांभ्या दगडाच्या गडग्यावर पडला तर वाचत नाही. मोटारीचे गणित माडाच्याच मापाने मांडता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या सुट्या माणसाला बसणारा आघात सुमारे दहा मीटरांवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून पडण्याइतका असतो. वेग ८० झाला की ही उंची दीडपट होत नाही. ती पंचवीस मीटरांवर जाते. परसातल्या जुन्या, चांगल्या वाढलेल्या माडाचा शेंडा साधारण तेथे असतो. माडावर चढताना गडी पायांत दोरीचा फास घेतल्याशिवाय बुंध्याला हात लावत नाही. तोच गडी मोटारीत मात्र सुटा बसतो, कारण मोटारीत जमीन पायांखालीच दिसत असते.

अमेरिकेत जॉन स्टॅप या लष्करी डॉक्टराने स्वतःच्या देहावर याची परीक्षा पाहिली. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अग्निबाणांच्या जोरावर धावणाऱ्या गाडीला स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेऊन त्याने ताशी हजार किलोमीटरांहून अधिक वेग गाठला आणि दीड सेकंदाच्या आत तो थांबला. डोळ्यांत रक्त उतरले, पण तो जगला. बांधलेला देह केवढा आघात सोसू शकतो हे त्या दिवशी जगाला कळले.

मोटारींत तोवर पट्टे येऊ लागले होते, पण ते पोटावरून जाणारे साधे पट्टे होते. धक्क्याला ते कमरेस धरून ठेवत, पण छाती आणि डोके पुढे झेपावतच. शिवाय पट्टा पोटात रुते. यावरचा तोडगा स्वीडनच्या निल्स बोलिनने काढला. हा गृहस्थ पूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने बनवीत असे. म्हणजे माणसाला बाहेर फेकण्यात प्रवीण असलेल्या कारागिराने माणसाला आत धरून ठेवण्याची युक्ती शोधली. एक पट्टा मांड्यांच्या मुळाशी, नितंबाच्या हाडावरून. दुसरा खांद्यावरून छातीच्या फासळ्यांवर तिरपा. दोन्ही एकाच खटक्यात, एका हाताने लावता येतील असे. १९५९ साली व्होल्वो कंपनीने तो आपल्या मोटारींत बसवला आणि पेटंट असूनही इतर कारखानदारांना वापरू दिला. मोटारीच्या धंद्याच्या इतिहासात अशी उदार पाने थोडी आहेत. पुढच्या आसनावरच्या माणसाच्या मृत्यूचा धोका हा पट्टा सुमारे निम्म्याने कमी करतो, आणि त्याची किंमत मोटारीच्या एका चाकाइतकीही नसते.

युक्ती सापडली तरी लोक तो पट्टा लावीनात. मग कायदा आला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताने १९७० साली प्रथम सक्ती केली. ब्रिटनच्या पार्लमेंटात व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने वर्षानुवर्षे वाद झाला, विधेयके बारगळली, आणि १९८३ साली पुढच्या आसनांसाठी सक्ती लागू झाली. मागे बसणाऱ्या प्रौढांवर ती येण्यास १९९१ उजाडले. पालखीची सवय केवळ आपल्याच हाडीमांसी भिनलेली आहे असे नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या आणि तिकडे कलकत्त्याच्या बाजूने अँबॅसडर आली. या दोन गाड्यांत एका पिढीने आयुष्य काढले. पुढे लांब बाक, त्यावर हाकणाऱ्यासह तिघे, मागे चार आणि मांडीवर जमतील तेवढी मुले. पट्ट्याचे नाव नाही. मोटार कारखान्यातूनच पुढच्या पट्ट्यांसह बाहेर पडली पाहिजे, हा दंडक १९८९च्या केंद्रीय नियमांतील दुरुस्तीने १९९४ पासून आला. मागच्या आसनांचा नंबर त्यानंतर लागला. समोर तोंड करून मागे बसलेल्यानेही पट्टा लावला पाहिजे, असे नियमात स्पष्ट असताना तो पाळायचा असतो हे कोणाच्या गावी नव्हते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड शंभर रुपयांवरून हजारावर गेला आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालकांच्या आसनात बांधलेच पाहिजे असे कलम आले.

महाराष्ट्राला मात्र कलमांनी जाग आली नाही. दोन मृत्यूंनी आली. ३ जून २०१४ रोजी सकाळी, केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तोच गोपीनाथ मुंडे दिल्लीच्या एका चौकात दुसऱ्या मोटारीने धडक दिल्याने गेले. ते मागच्या आसनावर बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजाने आपला मित्र गेला, अशा आशयाचे उद्गार तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी काढले. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार उत्तम होती. आत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, ज्यांनी पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे पट्टे लावले नव्हते, ते दोघेही गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. त्या एका वर्षात देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांतले ८,३३१ उतारू होते. जवळजवळ निम्मे.

आता त्या तांडेलाच्या सुट्या पिंपाकडे वळू. मागचा उतारू सुटा राहिला तर त्याचा तोच भोगील, असे मानणे सोपे आहे. परंतु जपानी संशोधकांनी हजारो अपघातांच्या नोंदी तपासून २००२ साली दाखवले, की मागचा माणूस बांधलेला नसेल तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो. मागचा देह पुढच्या आसनावर येऊन आदळतो आणि पुढचा माणूस पट्टा व आसन यांच्यात चिरडतो. आमच्या नात्यातल्या एका घरी हे घडले. चतुर्थीला मुंबईहून रात्री निघालेली मोटार पहाटे, घर तासाभरावर आले असता, झोपेच्या एका डुलकीने मोरीच्या कठड्यावर गेली. हाकणाऱ्या मुलाने पट्टा लावला होता. त्याच्याच मागे त्याची आई निजली होती. तिला खरचटले, हात मोडला. त्याच्या पाठीचा कणा दुखावला आणि अंथरुणातून उठायला त्याला सात महिने लागले. भेटायला गेलो तेव्हा ती माउली एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती : “माझ्याच आंगान माझो झील मोडलो.” तिला कोणी जपानचा शोध सांगितला नव्हता.

मांडीवरच्या मुलाची गोष्ट याहून अवघड आहे. आईच्या मिठीइतके सुरक्षित काही नाही, हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की विरुद्ध बोलणारा निर्दय वाटतो. पण दहा किलोचे मूल ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत क्षणभर सुमारे दोनशे किलोंचे होते. दोन पोती तांदूळ हवेत झेलून धरील असा बाप माझ्या पाहण्यात नाही. तशात पुढे बसून मांडीवर मूल घेतले तर समोरची हवेची पिशवी, जी पापणी लवण्याच्या आत फुगते, ती आई आणि मूल यांच्यात नव्हे, मुलाच्या तोंडावर उघडते.

पट्टा हे सर्व रोगांवरचे औषध आहे असे मात्र कोणी समजू नये. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि दोन यष्ट्या आणि इतर वाहने माणसांसह वाहून गेली. तेथे उतारूने काय करायचे होते? रस्ता, पूल, कठडा ही ज्यांची जबाबदारी, त्यांना उतारूच्या पट्ट्याआड लपू देता कामा नये. पण खारेपाटणपासून झारापपर्यंत आमच्या जिल्ह्यातला हमरस्ता आता रुंद, सिमेंटचा आणि सरळ झाला आहे. जुन्या खड्ड्यांनी दिलेले संरक्षण गेले. शंभराच्या वेगात डुलकी एका सेकंदाची आली तरी मोटार अठ्ठावीस मीटर आंधळी धावते.

आणि माणसाची बुद्धी तरी कशी चालते पाहा. पट्टा लावला नाही तर आता मोटार टुणटुण वाजते. ती वाजू नये म्हणून पट्ट्याचे नुसते पाते खटक्यात अडकवण्याचा धंदा निघाला; जीभ तेवढी आत, पट्टा नाहीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली पाच मोठ्या विक्रेत्यांना या वस्तू काढून टाकायला लावल्या, तेव्हा त्यांच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. एवढ्या कौशल्याने आपण स्वतःला फसवतो. गावात एकदा मी हा विषय काढला, तर एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, “मागे पट्टो कित्याक व्हयो? पोलीस काय मागे वाकान बघतत?” त्यांच्या लेखी पट्टा पोलिसासाठी होता. नियमामागचे कारण न सांगता नुसता दंड सांगितला की असेच होते.

यंदा चतुर्थी आटोपून चाकरमान्यांच्या मोटारी परत निघाल्या तेव्हा मी पाटलदेवाच्या पारावर बसून पाहत होतो. डिकीत नारळ, तांदूळ, कोकमे, एखाद्या घरचा भोपळा. पोती घळघळू नयेत म्हणून काथ्याच्या दोरीने ती आवळण्यात पुरुषमंडळी गर्क होती. एकाने तर गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. आत बायका-मुले बसली होती, आणि एका मोटारीत ती हात मोडून सावरलेली माउली होती. मागच्या आसनावर नवे मखमली आवरण चढवले होते आणि खटका त्याच्याखाली दडला होता. ती हाताने चाचपत होती आणि नातवाला म्हणत होती, “अरे, बोटां घाल खाली, गावतलो.” बराच वेळ लागला. मागच्या मोटारी कर्णे वाजवू लागल्या. हाकणाऱ्याने इंजिन सुरू केले नव्हते. तो आरशातून मागे बघत थांबला होता.